मेलेल्याने स्वतः सांगायचं असतं

ही गोष्ट खरी आहे.

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासून पोट भरलं. कल्पना लढवणं माझ्या रक्तात नाही. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून भांडी घासायला जायचे.

तरी सांगते, कारण हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय. आणि अजून संपलेलं नाही.

साल १९७४. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाचा दुसरा दिवस, शुक्रवार. दिवस मावळतीची वेळ.

जागा म्हणजे कॅलिफोर्नियात खाडीच्या काठची प्रयोगशाळा, जिथे मी आणि माझा भाऊ नोकरी करायचो. तिचं नाव लिहीत नाही. शेजारच्या इमारतीत विमानांचे नमुने टांगून त्यांच्यावर वारा सोडायचा मोठा बोगदा होता. तो दिवसभर घुमायचा. इतका, की तो बंद झाला की कानात दडे बसल्यासारखं वाटायचं.

त्या शुक्रवारी सुट्टी होती. बोगदा बंद होता.

आता खेळाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हल्लीची पोरं बंदूक घेऊन पडद्यात शिरतात ना, ज्यात आपण स्वतःला दिसत नाही, फक्त समोरची वाट दिसते आणि समोरचा शत्रू... त्या जातीचे अगदी सुरुवातीचे खेळ आमच्यासारख्या ठिकाणी जन्मले. कामाच्या यंत्रांवर, साहेबांची पाठ वळली की. पहिला कोणाचा यावर लोक अजून भांडतात. भांडोत बापडे.

आमचा खेळ माझा भाऊ ऑरिन आणि त्याचा दोस्त लॉइड प्रूइट यांनी मिळून लिहिला होता. लांबलचक कॉरिडॉरच्या दोन टोकांना दोन खोल्या, दोन्हींत एकेक यंत्र, आणि मधून छताला बांधलेली तार. पडद्यावर हिरव्या रेघांचा भुलभुलैया. त्यात दोघांनी एकमेकांना शोधायचं आणि मारायचं.

माणूस काढण्याएवढी त्या यंत्रांत जागा नव्हती. म्हणून समोरचा खेळाडू म्हणजे नुसता एक डोळा. बोळाच्या मध्ये तरंगणारा, कलिंगडाएवढा डोळा. बाहुली दिसली तर तो तुमच्याकडे बघतोय. कोरा गोळा दिसला तर त्याची पाठ आहे.

गोळी लागली की नाही, हे मारणाऱ्याला कळत नसे. ते फक्त ज्याला लागली त्याच्या पडद्यावर दिसे. मग खोटेपणा सुरू झाला. त्यावरून भांडणं झाली आणि शेवटी दोन नियम ठरले.

पहिला नियम असा की मेलेल्याने स्वतः सांगायचं. दारातून कॉरिडॉरमध्ये ओरडायचं, "मेलो!"

दुसरा नियम असा की डाव चालू असताना दुसऱ्याच्या खोलीत पाय टाकायचा नाही, कारण पडदा दिसतो. काहीही झालं तरी नाही.

हे दोन नियम लक्षात ठेवा.

ऑरिनचं काळीज लहानपणच्या तापाने कमजोर झालं होतं. त्यामुळे सैन्याने त्याला घेतलं नाही. त्याच्या वयाची पोरं व्हिएतनामला गेली, काही परत आली नाहीत, आणि हा घरी राहिला. त्याची त्याला लाज वाटायची. लॉइडला हे पक्कं ठाऊक होतं.

"या शिपाईमहाराज," तो म्हणायचा. "सैन्याने नाकारलं तरी मी रोज मारतो की नाही तुम्हाला?"

"आधी नेम धरायला शिक," ऑरिन म्हणायचा. "मग बोल."

मीही खेळायचे अधूनमधून. मला उजवीकडे वळायची कळ काही केल्या सापडायची नाही. म्हणून उजवीकडे जायचं असलं की मी तीनदा डावीकडे वळायचे. ऑरिन हसून लोळायचा.

"अगं बर्ट, तू गोल फिरेपर्यंत माणूस जेवून येईल."

सगळे मला रॉबर्टा म्हणायचे. बर्ट म्हणणारा तो एकटाच.

तर तो शुक्रवार.

आदल्या दिवशी आम्ही फ्रेस्नोला आईकडे जेवलो. ऑरिन सकाळीच परत निघाला. सुट्टीत यंत्रं मोकळी असतात ना, लॉइडबरोबर खेळायला. आईने उरलेल्या टर्कीचं सँडविच बांधून दिलं. "खाल्ल्याशिवाय खेळायला बसू नकोस," म्हणाली.

संध्याकाळी फोन आला. ऑरिन गेला होता.

लॉइड आईसमोर गुडघ्यांवर बसून रडला. तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "बसल्या जागी गेला हो. आवाजसुद्धा काढला नाही त्याने."

डॉक्टरही म्हणाले, असं होऊ शकतं. आई त्या एका वाक्यावर जगायला लागली. त्रास झाला नाही पोराला, आवाजसुद्धा काढला नाही. येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायची.

मला मात्र झोप लागेना. दफनाच्या दिवशी पहारेकरी सेगुरा माझ्याशी बोलला होता. संध्याकाळच्या फेरीत ऑरिन त्यालाच सापडला होता.

"खुर्चीत नव्हता, मॅडम," तो म्हणाला. "दाराशी पालथा पडला होता. हात बाहेर, कॉरिडॉरमध्ये."

बसल्या जागी गेलेला माणूस दारापर्यंत कसा पोचला?

माझ्या भावाने हाक मारली होती का? मला एवढंच हवं होतं. बाकी काही नको होतं.

ऑरिनच्या खोलीतलं यंत्र डिसेंबरात काढून नेलं. तिथे उरली एक खुर्ची, आणि छतातून लोंबणारं तारेचं तुटकं टोक.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी लॉइड माझ्या टेबलापाशी आला. हसत होता. लॉइड घाबरला की हसायचा.

"रॉबर्टा, जरा येतेस? प्रोग्रॅममध्ये काहीतरी घाण राहिलीय. तुझी नजर पक्की आहे."

"कसली घाण?"

"तुझ्या भावाचा डोळा. अजून आत आहे."

मी त्याच्यामागे गेले. इमारत रिकामी झाली होती. बोगदा घुमत होता.

पडद्यावर हिरवा बोळ होता. लॉइड कळा दाबत पुढे गेला, एकदा वळला, पुन्हा वळला. आणि आंधळ्या गल्लीच्या टोकाला...

कोरा गोळा. भिंतीकडे तोंड करून उभा.

"ती तार तुटकी आहे ना?" मी विचारलं.

"तुटकीच आहे. पलीकडे यंत्रच नाही. शिळा आकडा अडकलाय यंत्राच्या आठवणीत कुठेतरी, दुसरं काय." तो पुन्हा हसला. "उडवतो आता."

त्याने गोळी झाडली.

त्याच क्षणी शेजारचा बोगदा बंद झाला. रोज त्या वेळेला व्हायचाच. कानात दडे बसले.

आणि कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाकडून...

"मेलो..."

दमलेला आवाज होता. माझ्या भावाचा.

लॉइडचा हात कळांवरच राहिला. मी दाराकडे बघितलं नाही, लॉइडकडे बघत होते. म्हणूनच मला दिसलं.

त्याचे ओठ हलत होते.

पुढचं वाक्य तिकडून यायच्या आधीच तो ते ओठांनी म्हणत होता. पाठ होतं त्याला.

"लॉइड... खरंच रे. गंमत नाही."

मग सामसूम.

मी विचारलं, "तू काय म्हणालास तेव्हा?"

"रॉबर्टा..."

"काय म्हणालास?"

तो पडद्याकडे बघत होता. "म्हणालो... मेलेल्याने बोलायचं नसतं. गप पड."

"मग?"

"मग तो गप झाला. मला वाटलं चिडवतोय. मला त्या खोलीत बोलवायचं आणि स्वतः धावत येऊन माझा पडदा बघायचा, अशी युक्ती असेल. नियम होता ना."

"मग तू काय केलंस, लॉइड?"

"मारत राहिलो. तो हलतच नव्हता. सोपं होतं."

सोपं होतं. हे शब्द त्याचे आहेत. मी एकही बदललेला नाही.

तो उठून निघून गेला आणि नंतर कधीच आला नाही. ऑरेगॉनला घर घेतलं, लग्न केलं, म्हणे सुखात होता. आईला मी काही सांगितलं नाही. ती मरेपर्यंत लॉइडला नाताळचं कार्ड पाठवत राहिली आणि मी पाकिटावर तिकिटं चिकटवत राहिले.

पण त्या संध्याकाळी मी घरी गेले नाही.

आधी कॉरिडॉर ओलांडून पलीकडे जाऊन आले. खोली रिकामी होती. तार लोंबत होती. खुर्ची मात्र... दाराशी आडवी पडली होती. मी ती सरळ केली आणि परत लॉइडच्या जागेवर येऊन बसले.

एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. आमच्या घरी ऑरिनचा आवाज कुठेच नव्हता. फोटो होते, त्याचे बूट होते, आवाज नव्हता. त्याच्या हसण्याचा सूर मी विसरत चालले होते आणि ते मला समजत होतं.

पडद्यावर तो कोरा गोळा तसाच उभा होता. मी त्याच्यामागे उभी राहून वाट बघितली. "ऑरिन," अशी हाक मारली. काही नाही.

तो बोलायचा फक्त गोळी लागल्यावर.

मी कळ दाबली.

"मेलो..." आणि मग, "लॉइड... खरंच रे. गंमत नाही."

मी टेबलावर डोकं टेकून रडले. मग डोळे पुसले आणि पुन्हा दाबली.

त्यानंतर मी दर शुक्रवारी जायचे. सगळे घरी गेले, बोगदा थांबला, की मी बसायचे. स्वतःच्या भावाला मारायचे, त्याचा आवाज ऐकायचे आणि घरी जाऊन, आता माझ्याकडेच राहायला आलेल्या आईबरोबर सूप प्यायचे. निघताना पलीकडच्या खोलीतली खुर्ची सरळ करून ठेवायचे. पुढच्या शुक्रवारी ती दाराशी आडवी असायची.

मला वेडी म्हणा. पण तुमचं माणूस तसं बोलत असतं, तर तुम्ही ती कळ सोडून उठला असता का?

हळूहळू मला राग यायला लागला. दर वेळी लॉइड. मरतानाही लॉइड, मेल्यावरही लॉइड. एकदा तरी माझं नाव घे ना रे. मी इथे आहे, तो हरामखोर नाही.

मे महिन्यात ते यंत्रही न्यायचं ठरलं. शेवटच्या शुक्रवारी मी मनाशी पक्कं केलं, आज मारायचं नाही. आज फक्त जवळ उभं राहायचं आणि निरोप घ्यायचा.

मी नेहमीच्या वाटेने आंधळ्या गल्लीत शिरले.

टोकाला कोणी नव्हतं...

मागे आले. दुसरा बोळ, तिसरा बोळ, सगळे रिकामे. माझा श्वास मलाच ऐकू यायला लागला. मग मी एका चौकात आले. उजव्या हाताला एक बोळ होता आणि का कोण जाणे, तो तिथेच आहे असं मला वाटलं.

मी डावीकडे वळले. पुन्हा डावीकडे. पुन्हा डावीकडे.

आणि पडदाभर...

डोळा. बाहुलीसकट. सरळ माझ्याकडे बघणारा.

माझ्या बोटाला इतक्या शुक्रवारांची सवय लागली होती. मी ठरवायच्या आधी ते खाली गेलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच कॉरिडॉरमधून, अगदी जवळून, आनंदाने...

"बर्ट?"

मी खुर्ची ढकलून बाहेर धावले. कॉरिडॉर रिकामा होता. पलीकडच्या खोलीत खुर्ची दाराशी आडवी नव्हती. जागेवर होती, मी ठेवली तशी.

परत आले तेव्हा पडद्यावर बोळही रिकामा होता. मी पहाट होईपर्यंत तो भुलभुलैया पालथा घातला. दर वळणावर त्याचं नाव घेतलं. सकाळी माणसं आली आणि यंत्र ढकलगाडीवर घालून घेऊन गेली.

आज माझं वय बरंच झालंय. नातवंडं दिवाणखान्यात तसलेच खेळ खेळतात. कुणी मेलं की ओरडतात, हसतात आणि पुन्हा सुरू करतात. मी स्वयंपाकघरात नळ सोडून ठेवते, म्हणजे ऐकू येत नाही.

लोक मला समजावतात, सुटला असेल तो. तुझं नाव घेतलं आणि गेला.

असेल. पण गोळी लागली की नाही, हे मारणाऱ्याला कळत नाही. म्हणून तर ऑरिनने नियम केला होता. मेलेल्याने स्वतः सांगायचं असतं.

त्याने मला अजून सांगितलेलं नाही.