साकामाकींचा हेडफोन

नवेकोरे हेडफोन टेबलावर तसेच पडले होते. चोराने नेला होता तो जुना, वर्षानुवर्षं वापरलेला.

"याला काय अर्थ आहे?" तोरिउमी कपाळ चोळत म्हणाले. कोएंजी भागातल्या एका तळघरातला हा रेकॉर्डिंग स्टुडिओ त्यांचा. "तो आमच्या साकामाकींचा. ध्वनिमुद्रक होते. मागच्या हिवाळ्यात गेले."

खासगी गुप्तहेर कुझे सेत्सुको भिंतीवरच्या खुंट्या निरखत होती. तिचा सहकारी मामिया मागे उभा होता. खुंट्यांवर तसलेच जुने हेडफोन टांगलेले. एकीवर मात्र नुसती सुटी वायर.

"सगळे सारखेच?"

"एकाच बनावटीचे. कान पूर्ण झाकतात, आतला आवाज माइकमध्ये गळत नाही. शिवाय प्रत्येक भाग सुटा मिळतो. विक्रेता नागुमो टेबलावरचे ते नवे घ्या म्हणून मागे लागलाय, पण मी यांनाच कानांवरच्या नव्या गाद्या बसवून घेतल्या. इबुकीकडून." त्यांनी आवाज खाली आणला. "साकामाकींच्या जागी आलीय ती. 'ही जड धुडं बदला' म्हणून रोज कुरकुर. तिनेच गायब केला असेल, तर आजच घरी पाठवतो."

इबुकी आली ती संतापूनच. डोक्यावर केसांचा भलामोठा अंबाडा.

"मी काल गाद्या बदलल्या, डोक्यावरचे पट्टे पूर्ण ताणून पुसले आणि तसेच टांगले. कोणता कुणाचा, हे मलाही ओळखता येत नव्हतं!"

"जुन्या गाद्या कुठे?"

इबुकीने कचऱ्याची टोपली ओढली आणि ती गोंधळली. "अरेच्चा! सगळ्यांत झिजलेली जोडी कुठे गेली?"

मामियाने खुंटीवरचा एक हेडफोन डोक्यावर चढवला. तो कानांच्या वरच अडकला.

"अगं, हा लहान मुलांचा आहे का?"

"सगळेच पट्टे आत सरकवून आखूड केलेले आहेत," कुझे म्हणाली.

नागुमो धापा टाकत आला. टोपी त्याच्या डोक्यावर कशीबशी टेकली होती. "मी चोरू? अहो, ही सगळी जुनी खोडं मोडावीत म्हणून मी देवळात नाणं टाकून आलोय. एकाने माझं काय भागणार?"

शेवटी गायिका ओरिए. बारीक कापलेले केस, चिमुकला चेहरा. काल संध्याकाळी सरावाला तीही आली होती.

"साकामाकी-सान मला स्वतःचाच हेडफोन देतात," ती म्हणाली. "उजव्या कानाशी जरा सैल आहे, म्हणून कान दुखत नाही."

'देतात' हे चुकून आलं असेल, असं मामियाला वाटलं.

कुझेने सगळ्यांना बसवलं.

"चोराने वायर नेली नाही, म्हणजे त्याला काही ऐकायचं नव्हतं. विकायचंही नव्हतं. विकणारा कचऱ्यातल्या फाटक्या गाद्या कशाला नेईल? नागुमो-सानना सगळेच हेडफोन जायला हवे होते. इथे नेमका एकच गेला. नव्या गाद्यांमुळे तो डोळ्यांनी ओळखता येत नव्हता. म्हणून चोराने एकेक घालून पाहिला, आणि ताणलेले पट्टे आपल्या मापाचे करत गेला. इबुकीचा अंबाडा त्यात मावणार नाही, नागुमो-सानचं डोकं तर नाहीच. राहिलं लहान डोकं, आणि त्या डोक्याला उजवीकडचा सैलपणा ठाऊक होता."

ओरिएने पिशवीतून हेडफोन काढला. त्यावर जुन्याच गाद्या पुन्हा चढवल्या होत्या.

"पण वायरीशिवाय त्याचा उपयोग काय?" मामियाने विचारलं.

"कानावर चढवला की बाहेरचं सगळं थांबायचं," ओरिए म्हणाली. "मग काचेपलीकडून साकामाकी-सान बटण दाबून बोलायचे. आमचं सगळं बोलणं तेवढंच. समोरासमोर मला कधी धीरच झाला नाही. ते आता बोलणार नाहीत, कळतं मला. पण ते बोलायच्या आधीची ती शांतता... नव्या गाद्यांत ती येत नाही हो."

तोरिउमींनी इबुकीसमोर मान खाली घातली. "माफ कर. चुकलो मी." मग ओरिएकडे वळून म्हणाले, "मागितला असता तर दिला असता."

"मागताना कारण सांगावं लागलं असतं."

इबुकी उठली, तिने खुंटीवरची ती वायर जोडली आणि हेडफोन ओरिएच्या हातात दिला. ओरिए तो कानांवर चढवून काचेपलीकडे जाऊन उभी राहिली. इबुकीने बटण दाबलं.

"ओरिए-सान, सुरू करू या?"

ओरिएने डोळे मिटले. बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला.

"करू या. पण जरा थांब. आणखी थोडा वेळ काही बोलू नकोस."

इबुकीने बटणावरून बोट उचललं.