रायवळ

मिरजेच्या जीवरसायन प्रबोधिनीत परीक्षेच्या दालनाला दोन दारं होती. नापास झालेला आल्या दारानं परत जायचा. पास झालेल्यासाठी आतल्या दाराची कडी निघायची आणि पलीकडे वैद्यकाचे वर्ग सुरू व्हायचे. गेल्या पंधरा वर्षांत ती कडी स्मृतिकलम न घेतलेल्या एकाही माणसासाठी निघाली नव्हती.

सोमवारी सकाळी अनसूया ऐवळे त्या दालनात उमेदवार म्हणून खुर्चीवर बसली. बत्तीस वर्षं ती या खुर्च्या पुसत आली होती, प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या घासत आली होती. वय बावन्न. कलमाशिवाय बसू देणारा 'थेट परीक्षेचा' नवा कायदा आला तशी तिनं अर्ज ठोकला. कायद्यानं संधी एकदाच दिली होती. आज जमलं तर डॉक्टरकीचं शिक्षण, नाहीतर परत मोरी.

स्मृतिकलम म्हणजे सोपी गोष्ट. एका दात्याच्या मेंदूतल्या आठवणींचा नकाशा घ्यायचा आणि तो दुसऱ्याच्या मेंदूत रुजवायचा. तीन दिवसांत अख्खं जीवरसायन तोंडपाठ. एकाच दात्याच्या कलमावर आठ हजार डॉक्टर तयार झाले होते. कलम न घेता शिकू बघणाऱ्याला पोरं 'रायवळ' म्हणायची. आंब्याची कोय उकिरड्यावर पडली, झाड उगवलं. ना जातीचा पत्ता, ना चवीची खात्री. ही पोरं अनसूयाशी, म्हणजे सगळ्यांच्या अनसाक्काशी, 'अक्का, नळ्या' आणि 'अक्का, फरशी' यापलीकडे कधी बोलली नव्हती.

ते एकमेव दाते, डॉ. शार्दूल देशिंगकर, अध्यक्ष म्हणून समोर बसले होते. त्यांच्या मागे भिंतीवर त्यांच्या दिवंगत आईंची तसबीर होती. बाई संस्कृतच्या प्राध्यापिका. तसबिरीखाली पितळी पाटी, 'आद्यस्वर', म्हणजे कलमात बोलणारा मूळ आवाज. तिचा हार दर सोमवारी अनसाक्काच बदलायची. आज तेवढा राहिला होता.

"ऐवळेबाई," देशिंगकर कागदातून मान वर न काढता म्हणाले, "नियमावलीतलं कलम सात. उमेदवाराच्या ज्ञानाचा स्रोत सिद्ध पाहिजे. तुमचा गुरू कोण?"

"मोरी," अनसाक्का म्हणाली. "मी नळ्या घासायची, मागं व्याख्यान चालायचं. कळलं न्हाई ते रद्दीतल्या पुस्तकात बघायची."

दुसरे परीक्षक डॉ. हिरेमठ फिस्सकन हसले. "मोरीला विद्यापीठाची मान्यता नाही ओ, अक्का."

"मग संपलंच," देशिंगकर घाईनं म्हणाले. "पुढचा उमेदवार बोलवा."

त्यांनी अजून वर पाहिलं नव्हतं. का ते अनसाक्काला ठाऊक होतं. पण वीस वर्षांपूर्वी त्यांना दिलेला शब्द आड येत होता, आणि शब्द मोडणाऱ्यातली ती नव्हती.

"थांबा, सर." तिसऱ्या परीक्षक डॉ. तस्नीम मोमीन बोलल्या. स्मृतिशास्त्र हा त्यांचा विषय. "स्रोताचा एवढा आग्रह कशाला?"

"तुम्ही विचारता? स्रोत खोटा तर पीक खोटं. कलमाला चव मातृवृक्षाची येते, हे तुमचंच वाक्य."

"ते खरंच आहे. दात्यानं जे ज्याच्या तोंडून ऐकलं, त्याचा आवाज त्या मजकुरात विणलेला असतो. चेहरा, नाव, जागा आम्ही पुसू शकतो. आवाज पुसायला गेलं तर मजकूरही जातो. म्हणून तर कलम घेतलेल्या आम्हा सगळ्यांना तुमच्या आईंचा आवाज ऐकू येतो."

"तोच आवाज रोजच्या बोलण्यात कुणाला ओळखू येईल?" हिरेमठांनी उगाच विचारलं.

"अजिबात नाही. तेच शब्द, त्याच ठेक्यात आले तरच आठवण जागी होते." मोमीन अनसाक्काकडे वळल्या. "एक प्रश्न विचारते. मग कलम सात लावा नाहीतर सत्तर. दारूपायी महिनोन्‌महिने धड न जेवलेला माणूस बेशुद्ध आलाय. ग्लुकोज आधी द्याल की थायमिन?"

"प्रश्न नियमबाह्य आहे!" देशिंगकर जवळजवळ ओरडलेच.

अनसाक्का सावरून बसली. हे तिनं एकदाच कुणाला तरी समजावलं होतं, आणि तिला ते दुसऱ्या तऱ्हेनं सांगताच येत नव्हतं.

"आधी थायमिन. ग्लुकोज फुटून त्याचं पायरुवेट होतं. ते पेशीच्या भट्टीत गेलं तर ताकद. पण भट्टीच्या दाराची कडी थायमिनबिगर निघत न्हाई. थायमिन नसताना ग्लुकोज ओतलं तर पाहुणे नुसते दारात वाढत्यात, बाहेरच आंबत्यात, त्याचं लॅक्टेट होतं. आत मेंदू उपाशी मरतो." तिचा हात आपोआप टेबलावर आपटला. "पाहुणा उंबऱ्यावर आंबतोय..."

"...कडी काढ की रं, मुडद्या!"

वाक्य तिनं पुरं केलं नव्हतं. मोमीन आणि हिरेमठ यांच्या तोंडून ते एकदमच बाहेर पडलं होतं, तिच्याच हेलात.

हिरेमठांच्या हातातला पेन खाली पडला. "हाच आवाज," ते पुटपुटले. "पंधरा वर्षं झाली. रोज रुग्णाला थायमिन लिहिताना हीच बाई मला मुडद्या म्हणते."

मोमीन हळूहळू तसबिरीकडे वळल्या. "सर, तुमच्या आई संस्कृतच शिकवायच्या ना?"

देशिंगकरांच्या कपाळावर घाम आला होता. "मी दोनदा नापास झालो होतो," ते शेवटी म्हणाले. "दुपारी शीतकक्षात खोक्यावर बसवून अक्कांनी शिकवलं. सगळं. अगदी सगळं. कुणाला सांगू नका, असं मीच पाय धरून विनवलं होतं."

"मी न्हाई सांगितलं," अनसाक्का म्हणाली. "तुझ्या डोस्क्यातनं मीच बाहेर आले, त्याला काय करू?"

असं म्हणाली खरी, पण तिची छाती भरून आली होती. आठ हजार! चंद्रपूरच्या खाणीपासून समुद्रातल्या तेलविहिरीपर्यंत आठ हजार डॉक्टरांच्या डोक्यात ती बोलत होती, जीव वाचवत होती, आणि इकडे तीच आठ हजार डोकी तिला फरशी पुसायला सांगत होती.

मोमीननी नियमावली मिटली. "आता कलम सात सरळ वाचा. हा स्रोत अमान्य असेल, तर मी अमान्य, हिरेमठ अमान्य आणि आठ हजार डॉक्टरांनी आज दुपारीच दवाखाने बंद करावेत. तो मान्य असेल, तर स्रोतालाच स्रोत कसला विचारता? कलमाला मातृवृक्ष लागतो. रायवळाला आपली कोय पुरते."

देशिंगकर उठले. आतल्या दारापाशी जाऊन हात जोडून उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात सभेचा सूर. "अक्का, या संस्थेच्या वतीनं मी अत्यंत नम्रपणे..."

अनसाक्का खुर्ची सरकवून उठली. ताठ मानेनं चालत दारापर्यंत आली.

"भाषण ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पाहुणा बत्तीस वरसं उंबऱ्यावर आंबलाय. कडी काढ की रं, मुडद्या."