गाणं तुटता कामा नये

शार्दूल मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी त्याला पाणीवाला समजले, आणि वर पाच दिरहम टिपही दिली.

चूक माझी एकटीची नव्हती. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट, आणि खांद्यावर पाण्याचा पाच गॅलनचा कॅन घेऊन उभा असलेला एक उंच माणूस... कुणीही तेच समजलं असतं. शिवाय माझं लक्ष होतं कानातल्या गाण्यात. मम्मीने वसईतल्या आमच्या नंदाखालहून व्हॉइस नोट पाठवली होती, ती मी घोकत होते.

माझी चुलत बहीण व्हिवियन आणि मी एकाच फ्लॅटमध्ये राहतो. तिचं लग्न फेब्रुवारीत इथेच ठरलं होतं आणि मम्मीची ऑर्डर सुटली होती – चर्च दुबईत असो नाहीतर चंद्रावर, आदल्या दिवशी पाण्याला जायचं ते आपल्या नंदाखालच्या गाण्यांनीच! नवरीच्या न्हाणाचं पाणी आणायला आमच्याकडच्या बायका घागर घेऊन गात निघतात. नवऱ्याकडचे वाटेत अडवतात, गाण्यात टोमणे मारतात, आणि उत्तर गाण्यातच द्यावं लागतं. मम्मीचा त्यात एक कडक नियम आहे. पाणी घरात पोहोचेपर्यंत गाणं तुटता कामा नये. तुटलं की अपशकुन.

तर मी लिफ्टमध्ये गुणगुणत होते,

"बावखलाच्या काठी गो, कोन पानी भरते,
हातातला चुडा गो, खलखल करते..."

बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. तिसरी ओळ मात्र काही केल्या आठवेना.

"भैया, कौनसा फ्लोअर?" मी मोठ्या मनाने विचारलं.

"थर्ड, मॅडम."

दुसरा मजला आला. मी त्याच्या हातावर पाच दिरहम टेकवले आणि बाहेर पडले. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला... भरदार, आणि अगदी सुरात.

"नंदाखालची पोर ती, मागं वळून बघते!"

आणि मी खरंच मागे वळून बघितलं! लिफ्टचं दार मिटत होतं. आत तो कॅन सांभाळत हसत होता.

असला राग आला ना मला!

संध्याकाळी उलगडा झाला. आमचा होणारा जावई स्टॅनली त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. तो मंगळूरचा, त्याच्या घरच्यांना आमची गाणी कुठून येणार? म्हणून त्याने अबू धाबीजवळच्या मुसाफाच्या ऑफिसातला आपला मित्र आणला होता, आणि आल्या आल्या घरचा पाण्याचा कॅन त्याच्या खांद्यावर दिला होता. शार्दूल, गाव आगाशी. नंदाखालपासून हाकेच्या अंतरावर.

"ही चीटिंग आहे," मी स्टॅनलीला म्हणाले. "भाड्याने गायक आणलास?"

"भाडं मला ऑलरेडी मिळालंय," शार्दूल म्हणाला आणि पाच दिरहमची नोट दाखवली. "अॅडव्हान्स."

"परत दे ती."

"नो रिफंड, मॅडम."

"तू हिंदू ना? मग आमची गाणी तुला कशी येतात?"

"तुमची?" त्याने भुवई उडवली. "तुम्ही पहिल्या ओळीत काय म्हणता?"

"पयला मान मरियामायला."

"आम्ही म्हणतो, पयला मान भवानीमायला. पुढे सगळं सेम टू सेम. तीच विहीर, तीच घागर, तीच भांडखोर पोर."

भांडखोर म्हणे! मी नोट हिसकवायला हात टाकला, आणि त्याने ती खिशात घातली.

मग दर गुरुवारी आम्हा दोन शत्रुपक्षांच्या वाटाघाटी होऊ लागल्या. तो मुसाफाजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीहून तासभर गाडी चालवत यायचा. मी बर दुबईच्या हॉटेलातली रिझर्वेशनची ड्यूटी संपवून धावत यायचे. कडक चहाचे दोन कप, गाडीच्या काचा वर, आणि आत गाणी. त्या गाण्यांत काय नव्हतं! केळीच्या बागा होत्या, पानमळे होते, कुरकुरणारा रहाट होता, उन्हात वाळत घातलेली सुकेळी होती. बाहेर जेबेल अलीकडचे ट्रक धडधडत जायचे आणि आम्ही दोघं खुशाल वसईत फिरत असायचो. एखादी ओळ मला यायची, पुढची त्याला. दोघांची मिळून एक गाणं व्हायचं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी आम्ही बिल्डिंगमागच्या हिरवळीवर उभे राहून सराव करत होतो. अचानक गवतातले फवारे सुरू झाले. मी किंचाळून पळाले, ती नेमकी चुकीच्या दिशेला... सरळ त्याच्यावर जाऊन आदळले. दोघंही चिंब. त्याच्या पापण्यांवरून पाणी गळत होतं आणि तो हसायचं विसरून माझ्याकडे बघत होता.

"पॉलिन..."

"काय?"

"काही नाही. पुढची ओळ विसरलो."

"खोटं! तू कधी विसरत नाहीस."

"हो ना," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर भीती वाटली."

त्या क्षणी मला कळलं, की मी ह्या माणसाच्या प्रेमात पडलेय. आणि लगेच दुसरी गोष्ट कळली – हे मम्मीला सांगायची माझी हिंमत नाही. शार्दूलला मी पुढच्याच गुरुवारी सांगून टाकलं, आणि त्याचंही तेच होतं. हॉटेलात मी भल्याभल्या गेस्टना गप्प करते. पण मम्मीसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते, ती लहानपणापासून.

मम्मी लग्नाच्या चार दिवस आधी आली. विमानातल्या एसीने घसा बसलेला, हातात सुकेळीचा डबा, आणि तोंडात टोरंटोचा मुलगा.

"इंजिनियर आहे. पीआर आहे. रविवारी त्याच्या आईवडिलांबरोबर व्हिडिओ कॉल ठरवलाय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तू फक्त बरी साडी नेस."

मी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही... नुसतीच हलवली.

दुसऱ्या दिवशी सरावाला शार्दूल गायला आणि मम्मीने मान वर केली. "कोणाच्या घरचा रे तू?"

"आगाशीच्या तानुबाईंचा नातू."

"तानुबाईंचा?" मम्मीचा चेहरा एकदम मऊ झाला. "माझ्या लग्नात आल्या होत्या त्या पाण्याला. त्यांच्याशिवाय आमच्या आळीत घागर उचलत नव्हते. आवाज त्यांचाच उचललायस हं."

मला वाटलं, हीच वेळ. सांगून टाक, पॉलिन! पण मम्मी लगेच वळून म्हणाली, "रविवारच्या कॉलला कुठली साडी नेसणार आहेस गं?" आणि माझा सगळा धीर सुटला.

खाली गाडीपाशी शार्दूलने मला थांबवलं. "सांगणार आहेस ना त्यांना?"

"सांगेन... वेळ बघून."

"महिनाभर वेळच बघतेयस. मी बोलू का?"

"नको!"

"ठीक आहे. गाण्यात मी काय वाट्टेल ते बोलेन. पण हे तुझ्या तोंडून यायला हवं. नाहीतर त्यांना वाटेल, मी तुला पळवतोय." तो हसला, पण डोळे हसत नव्हते. "रविवारी तू त्या कॉलवर बसलीस, तर मी समजेन. रागावणार नाही."

रागावला असता तर परवडलं असतं.

शुक्रवारी दुपार कलली तशा आम्ही नटूनथटून घागर घेऊन उतरलो. विहिरीची जागा म्हणून मी बागेतला नळ ठरवला होता, पण वॉचमन वासिफभाई धावत आले. "मॅडम, ये पानी झाडों का है! दुल्हन को खुजली हो जाएगी!" मग हिरवळीवर पाण्याचा कॅन ठेवला, त्याला मोगऱ्याचा गजरा घातला, आणि झाली आमची विहीर.

मम्मीचा घसा अजून बसलेला. पुढे गायचं माझ्यावर आलं. घागर डोक्यावर, ढोलकी सुरू, आणि वाटेत हात पसरून शार्दूल उभा.

"दुबयची पोर गो, घागर कशी धरते,
लिपस्टिक पुसेल म्हनून हलू हलू चालते!"

मी तरी सोडते का!

"मुसाफ्याचा हिरो गो, मिशीला पीळ देतो,
एसी बंद पडला की आयला फोन करतो!"

बाल्कन्यांतून टाळ्या पडल्या. ओळीवर ओळ चढत होती. बघता बघता आम्ही बिल्डिंगच्या दारापर्यंत आलो. तिथे शार्दूलने शेवटचा सवाल टाकला, परंपरेने चालत आलेला.

"सांग गो पोरी सांग गो, पानी कोनासाठी?"

उत्तर ठरलेलं होतं. नवरीचं नाव घ्यायचं, नवऱ्याचं नाव घ्यायचं, आणि आत जायचं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो नेहमीसारखा खट्याळ दिसत नव्हता. नजरेनेच निरोप घेत होता. बाजूला मम्मी टाळ्या वाजवत होती. दोन दिवसांनी कॉल. बोलायला माझ्याकडे शब्द नव्हते. पण चाल होती ना!

"आज व्हिवियनसाठी गो, उद्या माज्यासाठी,
आगाशीचा शार्दूल हाय, जन्माच्या गाठी!"

ढोलकी थांबली. टाळ्या थांबल्या. शार्दूलचं तोंड उघडं ते उघडंच. पुढची ओळ त्याची होती आणि तो दगडासारखा उभा. गाणं तुटत होतं. घागर अजून दाराबाहेर, आणि गाणं तुटत होतं! मी मम्मीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, मग त्याच्याकडे, मग परत माझ्याकडे. एक श्वास... दोन श्वास...

आणि मम्मीने आपल्या बसक्या, फाटक्या आवाजात सूर लावला.

"टोरंटोला शोधला गो, मुसाफ्यात घावला,
गानं तोडून उभा ऱ्हायला, जावय माजा बावला!"

काय गोंधळ उडाला म्हणून सांगू! बायका ओरडल्या, ढोलकी दुप्पट वेगाने सुटली, व्हिवियन स्वतःचं लग्न विसरून नाचायला लागली. घागरीतलं निम्मं पाणी माझ्या अंगावर. मी रडत होते की भिजले होते, मलाच कळत नव्हतं.

"मम्मी... म्हणजे तू..."

"चर्चमध्ये की देवळात, ते नंतर बसून भांडू," मम्मी डोळे पुसत खेकसली. "आणि तू रे, तानुबाईंचा नातू ना? मग गा की! यल्ला!"

शार्दूलने माझ्या डोक्यावरच्या घागरीला हात दिला आणि गायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच तो बेसूर गात होता. आवाज कापत होता, शब्द मागेपुढे होत होते, आणि त्याच्याहून मोठ्या आवाजात, त्याच्याहून बेसूर, मी गात होते.