चौथं सील

मंगळवारी सकाळी भर खाडीत रुग्णबोटीच्या मोटरीने कडकड आवाज केला आणि पाण्याखालचा पंखा थांबला. बोटीत पलीकडच्या बेटावरची एक बाळंतीण होती. मासेमारीची होडी येऊन ओढून नेईपर्यंत बोट तासभर वाहवत गेली. बाई आणि बाळ वाचली, एवढंच बरं. धक्क्यावर मोटर उघडली तेव्हा नुकसान कळलं. गिअरचे दात गेले होते आणि गिअरबॉक्समधलं तेल दुधासारखं पांढरं झालं होतं. तेलात पाणी शिरलं होतं.

संध्याकाळी बोटीची मोटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींची लेक त्या तेलाची बरणी घेऊन धाकटीच्या दारात आली. धाकटी खाजगी तपास करायची. तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे भाऊजी, बायको गेल्यापासून तिच्याबरोबर फिरायचे. घरी बसून भिंती किती बघणार?

लेकीने सांगितलं, की बाबांनी दोन महिन्यांत चार वेळा गिअरबॉक्सचं पाणी अडवणारं रबरी सील बदललं, तरी पाणी शिरतंच. बोटीच्या मालकांनी शनिवारी दुपारी वर्कशॉपच्या किल्ल्या ठेवून जायला सांगितलंय.

"तीस वर्षं झाली त्यांना तिथे," ती म्हणाली. "आता म्हणतात, चूक माझीच असणार, फक्त सापडत नाही. जेवतही नाहीत."

धाकटीने बरणी फडताळात ठेवली. "हिला हलवू नका, भाऊजी. शुक्रवारपर्यंत बोलू दे तिला."

बरणी काय बोलणार, हे भाऊजींना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये धाकटी आणि भाऊजींसमोर मिस्त्रींनी रिकाम्या गिअरबॉक्समध्ये पंपाने हवा भरली आणि तो पाण्याच्या टाकीत बुडवला. तिघं अर्धा तास वाकून बघत बसली. बुडबुडा एकही आला नाही. पहिल्या वेळी सील खरंच फाटलं होतं, पंख्यात मासेमारीची दोरी अडकली होती. पुढे मात्र दर वेळी जुनं सील काढलं, तर ते नव्यासारखं धडधाकट.

तेल कसं भरता, असं धाकटीने विचारलं. मिस्त्रींनी अंगणातलं उभं पिंप दाखवलं. पिंपाच्या तोंडात हातपंप बसवलेला होता. त्याची नळी गिअरबॉक्सच्या खालच्या भोकात लावायची आणि वरच्या भोकातून तेल दिसलं की दोन्ही स्क्रू बंद करायचे. पिंपाच्या डोक्यावर पावसाचं पाणी साचलं होतं. एक कावळा ते पीत होता.

"पाखरांची सोय झाली," भाऊजी म्हणाले.

रुग्णबोटीच्या खलाशाला नवी मोटर हवी होती, हे त्याने लपवलं नाही. पण पाणी मुद्दाम ओतलं का, असं विचारताच तो उखडला. दोन्ही स्क्रूंवर मिस्त्री लाल रंगाचा ठिपका देतात, तो मंगळवारी जसाच्या तसा होता.

"मग तो रंग परत कोणी लावला, माझ्या सासऱ्याने?"

मोटर गोड्या पाण्याने धुता का, या प्रश्नावर तो हसला. धक्क्यावर नळच नव्हता.

मालक वर्कशॉपच्या शेडमध्ये आपली नवी गाडी पुसत होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी शेड तिच्यासाठी रिकामी करून घेतली होती. उन्हात रंग जातो म्हणून.

"माझ्या बाकीच्या दोन बोटी बघा," ते म्हणाले. "यंदा मिस्त्रींचा हात लागला नाही, म्हणून ठणठणीत आहेत."

"हे फार कामाचं बोललात," धाकटी म्हणाली.

शनिवारी दुपारी तिने सगळ्यांना वर्कशॉपमध्ये शेडसमोर बोलावलं. बरणीत आता तळाला बोटभर पाणी वेगळं झालं होतं. भाऊजींनी दोन चमचे शेगडीवर धरले, एकात खाडीचं पाणी, दुसऱ्यात बरणीच्या तळाचं. पहिल्यात पांढरं मीठ उरलं. दुसऱ्यात तेलकट डाग, बाकी काही नाही.

"खाडीचं पाणी आत गेलेलंच नाही," धाकटी म्हणाली. "सील चोख आहे, हे टाकीने आधीच सांगितलं. स्क्रू कोणी उघडले नाहीत. मग गोडं पाणी आलं कुठून?"

तिने अंगणातल्या पिंपाकडे बोट दाखवलं.

"तेलाबरोबर आलं. उभं पिंप दिवसा तापतं, आतली हवा बाहेर जाते. संध्याकाळी निवतं आणि तोंडाशी साचलेलं पाणी आत ओढतं. पाणी तळाला बसतं. पंपाची नळीही तळाशीच. बाकीच्या बोटींचं तेल यंदा बदललंच नाही, म्हणून त्या ठणठणीत. या बोटीची मिस्त्रींनी जितकी काळजी घेतली, तितकं पाणी तिच्यात गेलं."

मिस्त्रींनी पंप मारून काचेच्या ग्लासात तेल काढलं. तेलाखाली पाण्याचा जाड थर स्वच्छ दिसला. त्यांनी ग्लास उजेडात धरला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचे खांदे ताठ झाले.

"पिंप शेडमध्ये आडवं असायचं," ते म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वीपर्यंत."

सगळ्यांच्या नजरा गाडीकडे गेल्या. मालकांच्या हातातलं फडकं थांबलं.

"किल्ल्या?" धाकटीने विचारलं.

"त्या... राहू देत त्यांच्याकडेच," मालक म्हणाले.

लेक हसता हसता रडायला लागली. खलाशाने भाऊजींच्या पाठीत अशी थाप मारली, की त्यांच्या हातातला चमचा उडाला. भाऊजींना आपणच कोडं सोडवल्यासारखं वाटलं आणि त्यांनी स्वतःला तसं वाटू दिलं.

मिस्त्रींनी मालकांना गाडी बाहेर काढायला लावली आणि पिंप स्वतः ढकलत शेडमध्ये आणलं.

नवे गिअर सोमवारी येणार होते. मालकांनी माफी मागायची तेवढी राहिली.