फॅमिली रूम

मला नवरा नको होता. मला एक खुर्ची पाहिजे होती, तिच्यासमोर टेबल, आणि जमलंच तर गरम कॉफी. एवढ्यासाठी अख्खं नागपूर पालथं घालावं लागेल असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याच्याशीही भांडले असते.

अडतीस सालची गोष्ट. मी सीताबर्डीवरच्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि बाहेरून बी.ए.ला बसले होते. शाळेने स्पष्ट सांगितलं होतं, मार्चमध्ये पास व्हा नाहीतर जागा रिकामी करा. नोकरी गेली की मी परत कुहीला, बाबांच्या धानाच्या बांधावर, आणि मग ज्याच्या गळ्यात बांधतील त्याच्या घरी. राहायला होते गांधीबागेत, चंपतरावमामांकडे. मामांचा कापडाचा धंदा, घरात माणसांपेक्षा गठ्ठे जास्त. पुस्तक उघडलं की मामी म्हणायची, "भागीरथे, रिकामीच बसली हायेस तं याले धर वं," आणि मांडीवर एक तान्हं यायचं. शाळेला चारला कुलूप लागायचं. वाचनालयात बायकांचा वार फक्त बुधवार. महाराजबागेत बाकावर बसून पाहिलं, तर समोरच्या बाकावर तीन टवाळ येऊन शिट्ट्या मारू लागले.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका दुपारी स्टेशनच्या रस्त्यावरच्या मद्रासी कॉफी हॉटेलात मी सरळ शिरले. आत ताज्या दळलेल्या कॉफीचा असा वास होता, की माझा दिवसभराचा राग दोन पावलं मागे सरला. संगमरवरी टेबलं, खिडकीतून तिरपं ऊन, आणि कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. जागा पाहताक्षणी आवडली. तेवढ्यात मालक अण्णा गल्ल्यावरून उठले. लेडीज बाहेर बसत नाहीत, म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या पडद्याकडे बोट दाखवलं. वर पाटी होती, 'फॅमिली रूम'. मी तिकडे वळले तर पुन्हा आडवे आले. फॅमिली कुठे आहे?

एकटीच आहे, मी सांगितलं. एकट्या बाईला बाहेर बसता येत नाही आणि फॅमिलीशिवाय आत जाता येत नाही, हे त्यांनी मला अगदी शांतपणे समजावलं. मग मी बसायचं कुठे? घरी, ते म्हणाले. माझा आवाज चढला. टेबलांवरच्या माना वळल्या.

"अण्णा, बसू द्या त्यायले. माझ्याच घरच्या आहेत."

खिडकीजवळचा एक तरुण उभा राहिला होता. सावळा, उंच, सदऱ्याच्या बाहीवर लाकडाचा भुसा. मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. पण अण्णांचा चेहरा खुलला, पडदा बाजूला झाला, आणि काही कळायच्या आत मी त्या परक्या माणसासमोर बसलेली होते.

"तुमी कोण माझे?" मी दातओठ खात विचारलं.

"कोणीच नाई... गिरिधर नाव. लकडगंजात लाकडाच्या टालावर काम करतो. मालधक्क्यावर सागवानाचे डबे सुटत नाई तवरिक इथं बसतो."

"मंग बसा. माझ्या वतीनं खोटं काहून बोलले?"

"तुमी भांडून राहिल्या होत्या," तो जरा हसला, "आन्... जिंकून नव्हत्या राहिल्या."

हे खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. त्या रागातच पितळी पेला तोंडाला लावला. कॉफी इतकी सुरेख होती, की मला तिचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी गेले तर अण्णा म्हणाले, साहेब अजून आले नाहीत, बाहेर थांबा. मी दाराबाहेरच्या बाकावर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा झेलत वीस मिनिटं बसले, स्वतःच्या खोट्या नवऱ्यासाठी. तो मालधक्क्यावरून धापा टाकत आला. उशीर झाला, म्हणाला. तुमची वाट पाहत बसलेली नाही, मी म्हटलं. मग कोणाची? खुर्चीची. "तं खुर्चीले सांगतो, बाई आल्या म्हणून," असं म्हणत त्याने पडदा वर धरला. हसू आलं होतं... ते मी गिळलं.

मग रोजचंच झालं. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायचे, त्यामुळे मंगळसूत्राविना मोकळा गळा कुणाला दिसला नाही. तो स्वतःची खुर्ची भिंतीकडे वळवून, माझ्याकडे पाठ करून बसायचा, आणि माझ्या वाचनात खंड नको म्हणून वर्तमानपत्राची पानंसुद्धा हळू उलटायचा. खोलीत अंधार होता. चौथ्या दिवशी तिथे कंदील टांगलेला दिसला. कुणी टांगला ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

एकदा मी अर्थशास्त्र मोठ्याने पाठ करत होते. हे काय हो, त्याने भिंतीलाच विचारलं. मी समजावलं, की पहिल्या पेल्याची गोडी दुसऱ्याला नसते, दुसऱ्याची तिसऱ्याला नसते, असा नियम आहे.

"चुकीचा हाय," तो म्हणाला. "मले तं इथं रोजचा पेला कालच्यापेक्षा बरा लागते."

"परीक्षेत असं लिहिलं तं नापास करतील."

"करू द्या. तुमी पास व्हा, मी एकटाच नापास होतो."

हे बोलताना त्याची पाठच माझ्याकडे होती, पण कान लाल झाले होते. मी पुस्तकात तोंड खुपसलं. एकच ओळ सहा वेळा वाचली. शाळेत चार वाजायची वाट पाहू लागले, पडद्याबाहेर त्याच्या चपलांचा आवाज ओळखू लागले. मी त्याच्या प्रेमात पडत होते आणि त्याचा मला भयंकर संताप येत होता. परीक्षा तोंडावर आलेली असताना हे धंदे कुणी सांगितले होते?

परीक्षेला बारा दिवस उरले असताना, एका शुक्रवारी, पडदा सरकला आणि अण्णांची बायको सुभद्राअम्मा आत आली. हातात ताट, त्यात हळदकुंकू, नारळ, खण, मोगऱ्याचा गजरा. तिची मुलगी पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते. मुलगी सुखरूप सुटावी म्हणून अम्माने नऊ सवाष्णींची ओटी भरायचा नवस केला होता. आठ झाल्या होत्या. नववी मी.

मी गिरिधरकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "घेऊन टाका... बारा दिवसाचाच तं सवाल हाय."

मान तेवढी खाली करायची होती. अम्माचं कुंकवाचं बोट माझ्या कपाळापाशी आलं. त्या बोटामागचा तिचा चेहरा इतका काळजीने भरलेला होता, की मी तिचा हात धरला. माझं लग्न झालेलं नाही, अम्मा, मी मोडक्या हिंदीत सांगितलं. हे माझे कुणीच नाहीत.

अण्णांनी पडदा खसकन बाजूला ओढला. मग काय बोलले ते सगळं सांगत नाही. तीन आठवडे आम्ही त्यांच्या छपराखाली खोटं बोललो होतो, त्यांच्या हॉटेलाचं नाव घालवलं होतं. चूक त्यांची नव्हती. मी पुस्तकं गोळा करू लागले. आणि तेवढ्यात गिरिधर सगळ्या हॉटेलासमोर म्हणाला,

"अण्णा, मी यायच्याशी लगन करतो. येत्या मुहूर्तावर. मंग तं बसू द्याल?"

सगळे पेले जागच्या जागी थांबले. त्याच्या तोंडून हेच ऐकायला मी किती दिवस आसुसले होते. आणि त्याने ते सांगितलं कुणाला, तर अण्णांना.

"मले विचारलं?" मी म्हटलं. "एका खुर्चीसाठी लगन लावून राहिले तुमी माझं? पयले घरची केली, आता बायको. आजपासून माझ्या वतीनं बोलाचं नाई. एक शब्द नाई."

त्याचा चेहरा उतरला. त्याने टोपी उचलली आणि तो निघून गेला.

मीही जायला हवं होतं. पण जाणार कुठे? मी पुस्तकं घेऊन बाहेर आले आणि भर हॉटेलात, खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसले. उठवा म्हटलं आता. अण्णा पुढे झालेच. अम्माने त्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी सुनावलं, चारपाचच शब्द, आणि ते थबकले. मग तिने स्वतःच्या हाताने माझ्यासमोर कॉफी ठेवली.

"झूठ से ओटी लेती, तो मेरी बेटी को लगता," ती म्हणाली. "तू सच बोली. बैठ."

मी बसले. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. लोक टक लावून पाहायचे, मीही उलट टक लावायचे, मग त्यांचा नाइलाज व्हायचा. गिरिधर रोज यायचा आणि पार लांब, हात धुवायच्या नळाजवळ बसायचा. एकदा एक जाडा गृहस्थ माझ्याकडे पाहून काहीतरी वंगाळ बोलला. गिरिधर अर्धा उठला... माझ्याकडे पाहिलं... आणि बसला. त्या गृहस्थाला मीच असं झाडलं, की तो डोसा अर्धा टाकून गेला. गिरिधर तेव्हाही गप्प. पहिले दोन दिवस ती शांतता बरी वाटली. पाचव्या दिवशी ती बोचू लागली. नवव्या दिवशी वाटलं, पुस्तक त्याच्या डोक्यात घालावं.

परीक्षा झाली. शेवटचा पेपर लिहून बाहेर पडले तेव्हा मला कुठल्याच खुर्चीची गरज उरलेली नव्हती. तरी पाय थेट स्टेशनच्या रस्त्याला लागले. तो नळाजवळ होताच. मी जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

"इतके दिवस झाले. दातखीळ बसली काय तुमची?"

"तुमीच म्हटलं होतं... बोलाचं नाई."

"माझ्या वतीनं बोलू नका म्हटलं होतं. तुमच्या वतीनं बोलाले कोणी मना केली?"

तो सावकाश उभा राहिला.

"मले तुमी आवडता," तो म्हणाला. "भांडता तवा तं लय आवडता. माझ्याशी लगन करसान काय? नाई म्हटलं तरी चालन... मी कोणाले सांगणार नाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला. एवढंच तर बोलायचं होतं, मी ओरडले. याला इतके दिवस लागतात? माझा अख्खा इतिहासाचा पेपर तुमच्या पायी कसा गेला ते मला विचारा. नापास झाले तर पुढच्या वर्षी पुन्हा बसेन, पण कुहीला जाणार नाही, आणि तुम्हीही पुन्हा त्या नळाजवळ बसायचं नाही. बोलता बोलता मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलेसुद्धा.

"म्हणजे..." तो चाचरला, "हो म्हणून राहिल्या काय तुमी?"

"नाई तं एवढी ओरडून काहून राहिली मी?"