त्याच्या पेल्यात कुणीतरी ओतायला हवं

जपानमधल्या साइजो गावात त्या संध्याकाळी धुकं असं उतरलं होतं, की साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, कारखान्यांची विटांची धुराडी मधूनच कापल्यासारखी दिसत होती. साहेबांच्या निरोप समारंभाला साके आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दिसलं त्या दुकानात शिरले.

"साहेबांच्या निरोपाला न्यायचीय. सगळ्यात महाग बाटली द्या."

"का? साहेबांवर इतका राग?" निळ्या अंगरख्यातला तरुण हसला. "फुलांचा वास आवडतो, की वाफाळत्या भाताचा?"

"...भाताचा."

"मग फार घासलेला तांदूळ नको, त्यानं फुलांचा वास येतो. ही घ्या, कोमट करून प्या. आणि लहान बाटली हं! नवख्यानं एकदम जीव लावू नये."

त्यानं पेला भरून दिला. पेला कोमट होता... त्याची बोटं मात्र विहिरीच्या तळासारखी गार.

"तुम्ही नाही घेत?"

"आपला पेला आपणच भरायचा? शोभतं का?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मी लाजले, आणि त्याला ओतायचंच विसरले.

तेवढ्यात आतून म्हाताऱ्या तोमिएबाई आल्या. "पोरी, एकटीच कुणाशी बोलतेस?"

मी वळून पाहिलं. गल्ल्यामागे कुणीच नव्हतं.

त्यांनीच सांगितलं. निळ्या अंगरख्यातला तो म्हणजे त्यांचा मुलगा, रेन्तारो. त्यानं घडवलेली पहिलीच साके टाकीत खदखदत होती. वास घ्यायला तो वाकला, आतल्या वायूनं गुदमरला. चव न घेताच गेला. त्या टाकीतली एक बाटली बाईंनी जपली होती. फोडायला हात धजत नव्हता.

शहाण्या मुलीनं पुन्हा तिकडे फिरकू नये. मी साके शिकायच्या निमित्तानं जातच राहिले.

"आज केस सोडलेस? साकेसाठी?"

"हो. तुझ्यासाठी कशाला सोडू!"

पण दर खेपेला तो विरळ होत होता. एक दिवस त्याच्या छातीतून मागच्या बाटल्यांवरची अक्षरं वाचता आली.

"कायो, ती बाटली तू ओत ना."

"मग तू जाशील."

"नाही ओतलीस तरी जाईनच... फक्त तहानलेला."

मी तोमिएबाईंकडे बाटली मागितली. त्यांनी ती माझ्या हातात दिली, आणि बाहीनं डोळे पुसत आत गेल्या.

दोन्ही हातांनी धरून मी ओतली. साके मधासारखी पिवळी झाली होती. तो घोट घेऊन डोळे मिटून उभा राहिला.

"कशी आहे?" मी विचारलं.

"अगं, आंबट! बाबा म्हणायचे तेच खरं, घाई केली मी." आणि तो मोठ्यानं, अगदी पोटातून हसला. "पण माझी आहे. आणि तू?"

"मीही... तुझीच."

पेला गल्ल्यावर टेकला. धरणारं कुणी नव्हतं.

आतून तोमिएबाई अनवाणीच धावत आल्या. दाराला धरून उभ्या, धाप लागलेली.

"कायो... आत्ता कोण हसलं गं?"