कवचभेद

काकरपाड्याच्या आश्रमशाळेतून आलेल्या मक्यात विषाचा मागमूसही नव्हता, आणि डॉ. हेमांगी वळसंगकरला नेमकी त्याचीच भीती वाटू लागली होती.

विष सापडलं असतं तर सगळं सोपं होतं. सातपुड्यातल्या त्या शाळेत मुलांचे डोळे पिवळे पडले होते, पोटं फुगली होती, खाल्लेलं अन्न पोटात ठरत नव्हतं. ही लक्षणं हेमांगी चांगली ओळखत होती. बुरशी लागलेला मका खाल्ला की बुरशीचं विष यकृतात उतरतं आणि माणूस असाच हळूहळू पिवळा पडत जातो. तरुणपणी तिने त्याच डोंगरांत अख्खेच्या अख्खे पाडे असे पिवळे पडलेले पाहिले होते. त्यानंतरच तिने धुळ्याच्या धान्यसुरक्षा केंद्रात नोकरी धरली आणि वर्षानुवर्षं खपून 'रक्षाकुपी' तयार केली. आता राज्यातला मका, ज्वारी, भात, गहू, भुईमूग, सगळ्याच पिकांवर फुलोऱ्यात रक्षाकुपीचा एक फवारा होत असे. तेवढ्यावर भागायचं. विषारी औषधांची पिंपं शेतांच्या बांधांवरून नाहीशी झाली होती, ओढ्यांत पुन्हा मासे दिसू लागले होते, आणि रेशनच्या धान्याला वर्षभर बुरशी धरत नव्हती.

तिने सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पुन्हा नजर टाकली. मक्याच्या दाण्याच्या पेशींमध्ये कुप्या मोत्यांसारख्या ओळीने बसल्या होत्या. सगळ्या अखंड. बुरशीचा एक तंतूही कुठे दिसत नव्हता.

"म्हणजे धान्य चांगलं आहे," मागून डॉ. जयसिंग तडवी म्हणाले. काकरपाड्याजवळच्या आरोग्य केंद्राचे ते डॉक्टर. मक्याचे आणि मुलांच्या रक्ताचे नमुने घेऊन ते स्वतःच जीप हाकत आले होते. "मग माझी पोरं का मरायला टेकलीत?"

"मला अजून कळलेलं नाही."

"मग ही कुपी काय करते ते मला नीट सांगा. माहितीपत्रकात लिहिलंय तसं नको. शिकवायला बसल्यासारखं सांगा."

हेमांगीने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "कोळंबीच्या टरफलात कायटिन नावाचा एक चिवट पदार्थ असतो. किड्यांच्या कवचात तोच, आणि बुरशीच्या पेशींच्या भिंतीतही तोच. आम्ही कोकणातून कोळंबीची टरफलं आणतो आणि त्या कायटिनच्या नॅनोकुप्या करतो. इतक्या लहान, की केसाच्या जाडीत हजार मावतील. आत बुरशीनाशक भरतो. आता बुरशीचं असं असतं, तिला वाढायचं तर स्वतःची भिंत जागोजागी सैल करावी लागते. त्यासाठी ती कायटिन तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, सोडते. आम्ही त्याला कवचभेदी विकर म्हणतो. ते कुपीला लागलं की कुपी फुटते आणि औषध बरोबर बुरशीच्या अंगावर पडतं."

"आणि बुरशी आलीच नाही तर?"

"कुपी बंद राहते. शिजवून फुटत नाही, आम्लाने फुटत नाही. माणसाच्या पोटात गेली तरी तशीच बाहेर पडते. कुलूप एकच आणि त्याची किल्ली एकच."

"ती किल्ली माणसाकडे नसते?"

"असते, पण नाममात्र. कुपी फुटण्याइतकी नाही."

तडवींनी रक्ताच्या नळ्यांची पेटी पुढे सरकवली. "मग यात तुमचं बुरशीनाशक शोधा. नाही सापडलं तर मी निमूट परत जातो."

ते सापडलं. प्रत्येक मुलाच्या रक्तात सापडलं. किंचितसं नव्हे, यकृत जाळून टाकेल एवढं. दाण्यात अखंड असलेल्या कुप्या मुलांच्या आतड्यात फुटत होत्या.

हेमांगीने ते आकडे पुन्हा तपासले. बुरशी नाही, तरी किल्ली कुठून आली? मग तिला एकदम आठवलं, की शरीर हे विकर मुद्दाम वाढवतं, आणि ते का वाढवतं हे कुठल्याही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला माहीत असतं.

"डॉक्टर, या मुलांना जंत आहेत?"

तडवी हसले, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "ज्याला जंत नाहीत असं एक पोर आमच्याकडे दाखवा."

"जंतांच्या अंड्यांचं कवच कायटिनचं असतं. शरीराला ते कळतं. ते फोडायला आतडं कवचभेदी विकर भरमसाट सोडायला लागतं. त्याला जंत कुठला आणि कुपी कुठली, हे कळत नाही."

"पण तुम्ही माणसांवर चाचणी घेतली होती ना? त्यांना कसं काही झालं नाही?"

हेमांगीला उत्तर माहीत होतं. ते तोंडातून बाहेर काढायला मात्र तिला वेळ लागला. "चाचणीआधी आम्ही सगळ्यांना जंताची गोळी दिली होती. दुसऱ्या कुठल्या आजारामुळे निष्कर्षांत गोंधळ नको म्हणून. तसा नियमच असतो."

तडवींनी पेटी बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली.

केंद्राचे संचालक डॉ. दिगंबर खैरनार यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. सातपुड्यातली ती पिवळ्या पाड्यांची साथ त्यांनीही पाहिली होती.

"फवारा थांबवायचा म्हणतेस, हेमांगी? थांबवला तर काय होईल ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? दमट हवा आहे, गोदामं भरलेली आहेत. दोन महिन्यांत बुरशी माजेल. मग एका शाळेतलीच मुलं आजारी पडणार नाहीत."

"मग काय करायचं, सर?"

"किल्ली जंतांमुळे येते ना? मग जंत काढा. सगळ्या डोंगराला गोळ्या द्या. धान्य तेच राहू दे."

हेमांगीला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. सगळ्या तर्काच्या साखळीत कुठेही खोट दिसत नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला तेच पटवून घ्यायचं होतं.

गोळ्या घेऊन ती स्वतः काकरपाड्याला गेली. आजारी मुलांना तडवींनी आरोग्य केंद्रात हलवलं होतं. खिडकीजवळच्या खाटेवर रमिला पावरा नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. अंगात त्राण नव्हतं, पण तोंड चालू होतं. हेमांगीच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून तिने विचारलं, "तुम्ही मोठ्या डॉक्टर का?"

"मी माणसांची डॉक्टर नाही. धान्याची."

"धान्य आजारी पडतं?"

"पडायचं. आता नाही पडत."

रमिलाला त्याची गंमत वाटली. तिची आई, रायलीबाई, खाटेच्या पायथ्याशी उकिडवी बसली होती. तिला मराठी जेमतेम येत होती. तडवींनी तिच्या बोलीत तिला समजावलं, की गोळीने जंत पडतील, मग पोरगी सुधारेल. रायलीबाईने हेमांगीकडे बघून फक्त एवढंच विचारलं, "नक्की?"

"नक्की," हेमांगी म्हणाली.

गोळ्या लागू पडल्या. तडवी रोज फोनवर कळवत होते. जंत पडले, मुलांची भूक वाढली. जी मुलं ताटाकडे बघत नव्हती ती भाकरी मागून खाऊ लागली. दवाखान्यात हे चांगलं लक्षण मानतात, आणि स्वयंपाकघरातून त्यांना हवं तेवढं मिळेल याची सोय हेमांगीने स्वतः लावून दिली होती.

मग एका दुपारी तडवींचा आवाज निराळाच आला.

"रमिला गेली."

तडवी थांबले नाहीत.

"बाकीची पण खाली चाललीत. आधीपेक्षा लवकर. मॅडम, मी पुन्हा पुन्हा तपासलं. एकाच्याही पोटात आता जंत नाही. एक अंडंसुद्धा नाही. पण तुमचं ते विकर उतरलेलं नाही. वाढलंय."

"असं होणार नाही. ज्याच्यासाठी शरीर ते तयार करतं तेच जर उरलं नसेल, तर..."

तिथे तिचं वाक्य तुटलं.

"मॅडम? ऐकताय ना?"

"डॉक्टर, मुलांचं धान्य बंद करा. आत्ता. भाकरी, भात, सगळं. सलाईनवर ठेवा, दूध द्या, अंडी द्या. मी मागाहून फोन करते."

तिने फोन ठेवला. ज्याच्यासाठी शरीर विकर तयार करतं, ते उरलं नव्हतं असं कोण म्हणालं? शरीराला जंत ओळखता येत नव्हता. त्याला कायटिन ओळखता येत होतं. जंत गेले होते, पण कायटिन रोज सकाळ-संध्याकाळ ताटात वाढलं जात होतं. आणि भूक वाढलेली मुलं ते पूर्वीपेक्षा जास्त खात होती.

कुलपानेच शरीराला किल्ली घडवायला शिकवलं होतं.

पुढचा विचार तिला करायचा नव्हता, पण तो आपल्या पायांनी चालत आला. जंतांनी या मुलांचं शरीर फक्त आधीपासून तयार करून ठेवलं होतं. त्यांचा धडा पाळण्यातच सुरू झाला होता, म्हणून ती लवकर शिकली. ज्यांना कधीच जंत झाले नाहीत, ज्यांच्या घरी गाळलेलं पाणी येतं, त्यांचीही शरीरं रोज तेच खात होती. ती सावकाश शिकत असतील. चाचणी तीन महिन्यांची होती. तीन महिन्यांत शरीराला हे शिकणं शक्य नव्हतं. काही वर्षांत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुया-नळ्या घेऊन तिने आधी स्वतःचं रक्त काढलं. या कुप्या तिच्याइतक्या आधीपासून कोणी खाल्ल्या नव्हत्या. लोकांचा भरवसा बसावा म्हणून पहिल्या पिकाची भाकरी तिने सभेत सगळ्यांसमोर खाल्ली होती. मग तिने प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना बोलावलं. तंत्रज्ञ आले, बाग राखणारे आले, हिशेब विभागातल्या बाई कुरकुरत आल्या, दारावरचा पहारेकरी आला. खैरनार सरांनीही बाही वर केली. "कशासाठी?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "मी चुकतेय हे सिद्ध करण्यासाठी."

निकाल हाती आले तेव्हा ऊन वर आलं होतं. खैरनार तिच्या खोलीत आले. खुर्ची रिकामी असून बसले नाहीत.

"मुलं कशी आहेत?"

"धान्य थांबवल्यापासून विकर उतरायला लागलंय. काही वाचतील. तडवी म्हणतात, काहींचं यकृत आता माघारी यायचं नाही."

"आणि आपण?"

"कुप्या फुटायला सुरुवात झालीय. माझ्यात सगळ्यात जास्त. तुमच्यात थोडं कमी. तुम्ही भाकरी सोडलीत ना मधुमेहामुळे, म्हणून."

"किती जणांत आहे?"

"सर, तुलनेसाठी मला ज्याच्यात ते नाही असा एक माणूस हवा होता." तिने समोरचे कागद उगीचच जुळवले. "मिळाला नाही."

खैरनारांनी चष्मा काढला. डोळे मिटून घेतले. "आपल्याकडे वेळ किती आहे?"

"ज्यांचं यकृत आधीच अधू आहे त्यांच्याकडे फारसा नाही. दारू पिणारे, कावीळ होऊन गेलेले, गरोदर बायका. बाकीच्यांना एखादं वर्ष मिळेल, किंवा दोन. पण खाणं थांबवलं तर विकर उतरतं, हे मुलांनी दाखवलंय. थांबवायलाच हवं."

"थांबवून देऊ काय लोकांना? गोदामात आहे ते सगळं फवारलेलं. शेतात उभं आहे ते सगळं फवारलेलं. कुप्या दाण्याच्या आत आहेत. धुऊन जात नाहीत, दळून जात नाहीत. बाहेरून आणायचं म्हटलं तर एवढं आणणार कुठून? आणि आणलं तरी त्याला बुरशी लागेल. तिच्याशी लढायचं दुसरं कुठलंही औषध आपण शिल्लक ठेवलेलं नाही. कारखाने बंद केले. मोठ्या अभिमानाने बंद केले."

"माहीत आहे, सर."

"दोन्हीकडे जळणार तेच यकृत, हेमांगी. एकीकडे बुरशी, दुसरीकडे तू आणि मी."

"बुरशी निदान दिसते," ती म्हणाली. "वास येतो. दाणा टाकून देता येतो. आपण केलंय ते दिसत नाही."

खैरनारांनी फोन उचलला आणि मुंबईला मंत्रालयात जोडून द्यायला सांगितलं. पलीकडून कुणीतरी थांबायला सांगितलं असावं, कारण ते फोन कानाला लावून भिंतीकडे बघत नुसते उभे राहिले.

हेमांगी खोलीबाहेर पडली. जिन्यावरच तिला फोडणीचा वास आला. खाली कॅन्टीनमध्ये जेवणाची वेळ झाली होती. टेबलं भरली होती. सकाळी ज्यांच्या दंडाला तिने सुई टोचली होती ते सगळे तिथे होते. दंडावर कापसाचे बोळे चिकटवलेले, हसत, एकमेकांच्या ताटात लोणचं वाढत. ताटांतून वाफ निघत होती.

ती दारात उभी राहिली. कशी सुरुवात करावी ते तिला सुचेना.

"थांबा," अखेर ती म्हणाली. पण आवाज पोहोचला नाही. मग ती ओरडली. "थांबा! कुणी खाऊ नका!"

हात जिथल्या तिथे थांबले. भांड्यांचा आवाज बंद झाला. सगळ्यांनी आधी आपापल्या ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हिशेब विभागातल्या बाईंनी उचललेला घास सावकाश ताटात ठेवला.

"हे नको तर नको, मॅडम," त्या म्हणाल्या. "मग दुसरं काय आणायला सांगू?"